वरुडच्या बागांत, आंबिया फुलताना

संत्र्याला नाव नागपूरचं मिळालं, कारण बाजार नागपूरला होता. बागांचा मोठा पसारा मात्र अमरावती जिल्ह्यात आहे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर असे तालुके सातपुड्याच्या पायथ्याने ओळीने लागतात आणि पूर्वेला नागपूर जिल्ह्यातले काटोल, नरखेड, कळमेश्वर त्यांना जोडून येतात. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसले यांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणवली, असं सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या सगळ्या पट्ट्यातलं मुख्य गाव म्हणजे वरुड.

मी निफाड तालुक्यातला, द्राक्षवाल्या घरातला. आमच्याकडे नाशिकच्या आसपास गेल्या पंचवीस वर्षांत वायनरी उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येतात, बागेत हिंडतात, मुक्काम करतात, द्राक्षाच्या जातींची नावं पाठ करून जातात. वरुडला असं कुणी जात नाही. एवढा मोठा फळबागांचा मुलूख, मागे सातपुडा, आणि बाहेरून येतो तो फक्त व्यापारी. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

बायकोची मावशी वरुडकडे दिलेली. लग्नानंतर दिवाळीच्या सुमारास आमचं तिकडे जाणं झालं होतं, तेव्हा झाडं फळांनी वाकलेली होती. यंदा मावशीच्या यजमानांनीच, म्हणजे काकांनी, फोनवर बजावलं, "संत्रा खाले सारेच येतात. तुम्ही फेब्रुवारीत या, जवाईबापू. आंबिया फुटला की या." आंबिया म्हणजे थंडीच्या शेवटी येणारा संत्र्याचा बहार.

शुक्रवार

मुंबईच्या गाडीने सकाळी अमरावतीला उतरलो. मावशीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. दह्यात बुडवलेला, वर झणझणीत तिखट टाकलेला गिला वडा खाल्ल्याशिवाय बायको अमरावती सोडत नाही, तेव्हा तो झाला. मग मोर्शीचा रस्ता धरला.

वाट थोडी वाकडी करून रिद्धपूरला गेलो. महानुभाव पंथाचं हे मोठं तीर्थ. श्रीगोविंदप्रभू इथले, चक्रधर स्वामी त्यांच्या भेटीला इथे आले आणि पुढे म्हाइंभटांनी मराठीतला आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला तोही इथेच. मराठी भाषेचं विद्यापीठ आता याच गावात सुरू झालं आहे. सातशे वर्षांपूर्वी ज्या गावात लोकांच्या बोलण्यातली मराठी जशीच्या तशी लिहून ठेवली गेली, तिथे उभं राहून मेव्हण्याची वऱ्हाडी ऐकताना मला फार बरं वाटलं. राजमठात दर्शन घेतलं. काळे वेष घातलेली साधू मंडळी सावलीत पोथी लावून बसली होती. विशेष गर्दी नव्हती.

रिद्धपूर सोडल्यावर रान कोरडवाहू. कपाशीची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उभ्या होत्या, तुऱ्हाट्यांचे भारे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेले, मधेच हरभऱ्याचं हिरवं वावर. मोर्शी जवळ आली तशा बागा सुरू झाल्या. लांबून पाहिलं तर गोल, गडद हिरव्या झाडांच्या सरळ रांगा, बाकी काही कळत नाही.

मोर्शीपासून सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. जलाशयाला नाव दिलंय नल-दमयंती सागर. तेरा दरवाजे ओळीने बंद, आणि मागे पाणीच पाणी. अमरावती शहर हेच पाणी पितं. मेव्हण्याने भिंतीकडे पाठ करून उत्तरेला हात केला, "भाऊजी, आपलं वरुड तिकडं, वरच्या अंगाले. पाणी आमच्याकडून येते अन् खाली जाते." वर्धा नदी मध्य प्रदेशातून उतरते, वरुड तालुक्याच्या कडेने वाहते आणि मग धरणात येते. कालवे उताराने पुढे जातात. त्यामुळे धरण इतकं जवळ असूनही वरच्या बागांना त्याचा ओलावा नाही, त्यांची भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. हे चित्र डोळ्यांनी पाहिलं म्हणून पुढचे दिवस काका पाण्याबद्दल जे बोलत होते ते नीट समजलं.

नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा, आष्टी तालुका. १९४२ च्या ऑगस्टमधल्या उठावाने आष्टीच्या नावापुढे 'शहीद' लागलं. अलीकडे वरुड तालुक्यात बेनोड्यालाही तसंच म्हणतात, बेनोडा शहीद. दोन्ही गावांत थांबायचं मनात होतं, पण दिवस मावळायला आला होता.

वरुडच्या अलीकडे अंधार पडला. मेव्हण्याने काचा खाली घ्यायला सांगितल्या. आधी थंड वारा आला आणि लगेच त्यामागून वास. मोगऱ्याइतका जड नाही; गोड आहे, पण खाली लिंबाच्या पानाचा किंचित कडवटपणा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तो येत होता आणि मैलभर सुटत नव्हता. बायको लहानपणी सुटीत इथे यायची ती उन्हाळ्यात, त्यामुळे तिलाही हे नवीन होतं. आम्ही दोघंही बोललो नाही फारसं.

मावशीकडे पातोडीचा रस्सा आणि भाकरी. जेवण होईपर्यंत काकांनी बागेबद्दल एक अक्षर काढलं नाही. हात धुतल्यावर म्हणाले, "सकाळी सहाले निंघू."

शनिवार

बाग गावापासून थोड्या अंतरावर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. डोंगराची रांग उत्तरेला सरळ उभी दिसते, तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. उजाडताना गारठा चांगलाच होता. झाडांखाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या पाकळ्या पडलेल्या.

फूल हातात घेऊन पाहिलं. पाच पाकळ्या, पांढऱ्याशुभ्र आणि थोड्या जाड, बोटाने दाबल्या तर मेणचट लागतात. मधे पिवळे पुंकेसर दाटीने उभे, आणि त्यांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी गाठ. ती गाठ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं संत्रं. पाकळ्या गळतात, गाठ राहिली तर राहते. बहुतेक राहत नाहीत. एका फांदीवर मोजता येणार नाहीत इतकी फुलं, त्यातली थोडकीच फळाला जातात, आणि हे झाडाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सगळी धरली तर फांद्या मोडतील. धरलेल्या फळांनीसुद्धा फांद्या मोडायला येतात, म्हणून पावसाळ्यानंतर प्रत्येक झाडाला बांबूचे टेकू द्यावे लागतात. ते बांबू आता बागेच्या कडेला रचून ठेवलेले होते. बांबूचा खर्च हा संत्र्याच्या हिशेबातला मोठा आकडा असतो, हे मला काकांकडूनच कळलं.

द्राक्षवाल्याला सगळ्यात जास्त नवल वाटावं ते बहार धरण्याच्या रीतीचं. आम्ही कात्रीने पीक घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, छाटलं की डोळा फुटतो. संत्र्याला कात्री नाही, इथे काम पाण्याचं. पाणी तोडायचं, बाग ताणावर सोडायची. पानं मलूल झाली, थोडी गळायला लागली की खत देऊन पाणी सुरू करायचं, आणि मग झाड एकदम फुलतं. आंबिया बहारासाठी हा ताण डिसेंबरात देतात, थंडीचीही त्यात मदत होते. मृग बहारासाठी तो एप्रिल-मे मधल्या उन्हाळ्यात बसतो आणि मृगाच्या पावसाने सुटतो. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो, काळी भारी असेल तर वेळ लागतो.

"याले ताण देला नाई तं हे निस्ती पालवी फेकते," काका म्हणाले. "अन् जास्त देला तं झाडच बसते. किती द्याचा हे झाडाच्या पानाले विचारा लागते. पुस्तकात नाई भेटत."

ते फांदीचा कोवळा शेंडा धरून पान उलटं करायचे, डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे आणि पुढच्या झाडाकडे जायचे. सायला शोधत होते. फुलोऱ्याबरोबर नवी पालवी येते आणि तिच्यावर हा बारीक किडा रस शोषायला बसतो. पण फुलांवर मधमाश्या आलेल्या असताना फवारा मारला तर माश्या मरतात. म्हणून एकेक झाड पाहत, जिथे लागलंच तिथेच, तेही संध्याकाळी माश्या परतल्यावर. बागेत माश्यांची घूं घूं इतकी होती की एका ओळीतून दुसऱ्या ओळीत बोलताना आवाज चढवावा लागत होता.

ऊन वर आलं तसे शेजारच्या बागेत गेलो. तिथे मृगाची तोड चालू होती. फेब्रुवारीत जाण्याचा हा खरा लाभ : एका धुऱ्याच्या अलीकडे झाडं पांढरी आणि पलीकडे नारिंगी. जून-जुलैत फुललेल्या मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चात उतरतात, आणि त्याच सुमाराला आंबियाची झाडं फुलतात. वर्षभरात इतर कुठल्या महिन्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसत नाहीत.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपं म्हणून आपण ते आवडीने घेतो, पण तोडणाऱ्याला त्यामुळेच फार जपावं लागतं. फळ ओढून तोडलं की देठाजवळ साल फाटते, आणि अशी दोन फळं कॅरेटमध्ये गेली तर बाजार येईपर्यंत बाकीची खराब करतात. एक वयस्कर बाई तोडत होत्या. एका हाताने फांदी धरायच्या, दुसऱ्या हाताने फळ हलकंच पिळायच्या, अंगठा देठाला टेकवून. फळ सुटून तळहातात यायचं तेव्हा हिरव्या देठाची छोटी टिकली त्याच्या डोक्यावर तशीच असायची. मी दोन-चार तोडून पाहिली, त्यांनी प्रत्येक फळ माझ्या हातातून घेऊन देठ तपासला आणि मगच कॅरेटमध्ये ठेवलं.

सौदा मात्र बहुतेक वेळा तोडीच्या कितीतरी आधी होतो. व्यापारी बाग फिरतो, नजरेने अंदाज बांधतो आणि उभी बाग घेतो. इसार देतो, तोड त्याच्या माणसांची. पूर्वी हजाराच्या हिशेबाने फळ मोजायचे, आता टनावर जातं. गारपीट झाली, भाव पडला, तर ठरलेले पैसे पूर्ण मिळतील याची खात्री नाही. शेजारच्या बागेचे मालक याच एका गोष्टीवर अर्धा तास बोलले आणि त्यात तक्रारीचा सूर कमी, हिशेब जास्त होता. मोठं फळ शहरात जातं. बारीक राहिलेलं, त्याला इथे चुरी म्हणतात, ते पडेल भावाने रसाला.

परत येताना काकांनी बागेच्या खालच्या कोपऱ्यातली तीन झाडं दाखवली. बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, मधाच्या रंगाचा डिंक ओघळून वाळला होता. डिंक्या. मुळाशी पाणी साचून राहिलं की जमिनीतली बुरशी बुंध्यात शिरते, साल कुजते, झाड वरून पिवळं पडत जातं आणि दोन-तीन हंगामांत वाळतं. काकांनी खिशातला चाकू काढून साल खरवडली. आत तपकिरी ओला डाग, त्याच्या कडेला पांढरी निरोगी साल. डाग संपेपर्यंत खरवडलं, मग डब्यातली निळसर बोर्डो पेस्ट कुंच्याने लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बागेतल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला जो निळा-पांढरा पट्टा दिसतो तो हाच, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मला आतापर्यंत तो रंग शोभेचा वाटत असे.

"पाणी कमी पडलं तं फळ गळते, जास्त झालं तं डिंक्या," काका चाकू पुसत म्हणाले. एवढंच.

पाण्याचं दुखणं या भागात जुनं आहे. वरुड आणि मोर्शी या तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त, सरकारी भाषेत अतिशोषित. काकांच्या वडिलांच्या काळात विहिरीला मोट चालायची. आता त्या विहिरीत पिंपळाचं रोप वाढलं आहे आणि बोअर आठशे फुटांवर गेली आहे. शेजारी एकाने हजार फूट खणली, कोरडी गेली, आणि त्या उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून बाग जगवली. लहान लेकराला जपतात तसं जपली, हे त्याच्या घरच्यांनी सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. आता ठिबक सगळीकडे आहे, नाल्यांवर बंधारे आहेत, शेततळी झाली आहेत. पण पंचवीस-तीस वर्षांची उभी झाडं तोडून टाकलेली वावरंही आम्ही दोन ठिकाणी पाहिली. संत्र्याचं झाड लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी कुठे फळ देऊ लागतं. ते तोडायचं ठरवताना माणसाचं काय होत असेल, मी द्राक्षबाग काढताना वडिलांना पाहिलं आहे, म्हणून सांगू शकतो.

दुपारी ओसरीवर मी विषय काढला. आमच्याकडे द्राक्षाची वाइन झाली आणि त्यामागे माणसं आली, मग इथे संत्र्याची का नाही? काकांनी आधी उत्तर दिलं ते असं : "काढाचीच असंन तं मोहफूल हाय न डोंगरात. संत्रा खायाले हाय." मग त्यांनी मावशीला रस काढायला सांगितला. दोन पेले भरले. एक आम्ही लगेच प्यायलो. गोड, थोडा आंबट, वासाला ताजा. दुसरा पेला ताटलीने झाकून ठेवला. संध्याकाळी चहाच्या वेळी तो बायकोच्या हातात दिला. एक घोट घेतला आणि तिने तोंड वाकडं केलं. कडू. पहिल्या घोटात नाही, गिळल्यावर जिभेच्या मागे.

याचं कारण शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. फळात असताना चवीला न लागणारा एक घटक रस काढल्यावर हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन कडू असतं. रस तापवला तर हे आणखी लवकर होतं. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून टिकवणं इतकं अवघड का, याचं मोठं कारण हे. कडवटपणा काढण्याच्या पद्धती आहेत, नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत त्यावर काम झालेलं आहे, पण त्याला यंत्र लागतं, भांडवल लागतं, आणि एखादा कारखाना वर्षभर चालवायला वर्षभर फळ लागतं. द्राक्ष तुडवलं की त्याचं पुढे काहीतरी होतं. संत्रं ताजंच खावं लागतं. माझं मत असं झालं की याच कारणासाठी माणसांनी वरुडला यायला हवं. बाटली नाशिकहून कुठेही जाते, झाडाखाली काढलेला रस मात्र वरुडलाच प्यावा लागतो.

रविवार

सालबर्डीला गेलो. वरुडहून मोर्शीकडे परत यायचं आणि तिथून उत्तरेला डोंगराकडे वळायचं. गाव माडू नदीवर आहे आणि राज्यांच्या सीमेने दुभागलं आहे, काही घरं महाराष्ट्रात, काही मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. ती काही दिवसांवर आली होती, त्यामुळे दुकानांचे सांगाडे उभे राहत होते, पाळण्याचे लोखंडी भाग ट्रकमधून उतरत होते.

महादेवाचं स्थान डोंगरात गुहेमध्ये आहे. चढ बऱ्यापैकी आहे, वाटेत सागाची झाडं निष्पर्ण, पळसाला कळ्या धरलेल्या. गुहेत वाकून जावं लागतं. आत गारवा, पिंडीवर वरच्या खडकातून पाणी झिरपतं. खाली मैदानात हजार फुटांवर पाणी लागत नाही आणि इथे डोंगराच्या पोटात ते आपोआप येतं. बायकोच्या मनातही तेच आलं असावं, कारण ती खडकाला हात लावून बराच वेळ उभी होती.

चक्रधर स्वामींनी सालबर्डीच्या या डोंगरात बारा वर्षं काढली, असं महानुभाव परंपरा सांगते. रिद्धपूर परवाच पाहिलं होतं, त्यामुळे वाट जुळली. डोंगरात कोरीव लेणीही आहेत, बौद्ध काळातली. त्यांच्याकडे जाणारी वाट नीट राखलेली नाही आणि एका खांबावर नावं कोरून ठेवलेली पाहून वाईट वाटलं.

नदीकाठी डोंगरातली काही कुटुंबं जेवण करत बसली होती. कोरकू बोलत होती. सीमेपलीकडून चालत आलेली, देवाला आधीच जाऊन येऊ म्हणून. त्यांनी आम्हाला बोरं दिली, आम्ही संत्री दिली.

रात्री मावशीने रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, राख झटकून, मोडून तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची भाजी. जावई म्हणून माझ्या ताटात तुपाची वाटी वेगळी आली. पोटभर जेवलो आणि झोपलो.

सोमवार

निघायच्या दिवशी शेंदुरजना घाटला गेलो. वरुडपासून जवळच, स्वतःची नगर परिषद असलेलं गाव, आणि संत्र्याच्या कलमांसाठी लांबलांबून लोक इथे येतात. मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या बागांची रोपंही इकडून गेलेली आहेत. गावाच्या कडेने नुसत्या रोपवाटिका.

संत्र्याचं झाड आपण एक समजतो, पण ती दोन झाडं असतात. खाली खुंट जंबेरीचा, म्हणजे एका रानटी, जाड सालीच्या लिंबाचा. त्याची पन्हेरी आधी बी टाकून वाढवतात. खुंट पेन्सिलीएवढा झाला की वर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा बांधणारा माणूस ओळीत उकिडवा बसून पुढे पुढे सरकत होता. चाकूने खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा कापून त्या चिरेत सरकवला, प्लास्टिकच्या पट्टीने वर-खाली गुंडाळलं, आणि पुढचं रोप. एका रोपाला पाणी प्यायला लागावा इतकाही वेळ नाही.

काका त्याच्या शेजारी बसले आणि पट्टीने उंची मोजू लागले. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. खाली बांधला तर लावल्यावर सांधा मातीत जातो, ओल लागते आणि शनिवारी पाहिलेला तो डिंक्या तिथूनच चढतो. रोपवाटिकावाल्याला काकांनी स्पष्ट सांगितलं की खालचा डोळा असलेलं एकही रोप घेणार नाही. त्यानेही वाद घातला नाही. बोअर आटलेल्या तुकड्यात नवी लागण करायची, जूनमध्ये पाऊस लागला की, अठरा बाय अठरा फुटांवर. म्हणजे फळ पाहायला आणखी पाच-सहा वर्षं. काका साठीच्या पुढे आहेत.

परतीच्या वाटेवर वरुडच्या रेल्वे स्टेशनात डोकावलो. पाटीवर नाव आहे 'वरुड ऑरेंज सिटी'. नरखेड-अमरावती मार्ग झाला तेव्हा हे स्टेशन आलं. करोनाच्या काळात इथून किसान रेल्वेचे डबे भरून संत्री थेट बांगलादेशच्या बेनापोलला गेली. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक. पण तिथलं आयात शुल्क वर्षागणिक चढत गेलं, २०१९ मध्ये किलोला २० टका होतं ते २०२३ मध्ये ८८ टका झालं, आणि माल देशातल्याच बाजारात येऊन पडू लागला. भाव उतरला. फलाटावर मालाचं काही दिसलं नाही, दोन-चार उतारू गाडीची वाट पाहत होते. मेव्हण्याने त्या वर्षीच्या गाडीचा फोटो मोबाइलवर दाखवला : कॅरेटच्या थप्प्या, आणि त्यांच्यापुढे उभी गावातली पोरं.

मग रस्त्याने बडनेऱ्याला आलो आणि गाडी धरली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आंबियाचा फुलोरा जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाहायला मिळतो, थंडी कमी-जास्त झाली तर आठ-दहा दिवस मागेपुढे. वरुड आणि मोर्शीत साधे लॉज आहेत, एसटी दोन्हीकडे जाते, पण बागा आणि सालबर्डी पाहायची तर गाडी हाताशी असलेली बरी. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारा, बहुतेक जण स्वतः फिरवून आणतात. फुलोऱ्यातल्या फांद्या हलवू नका आणि फवारणी चालू असेल तर बाहेरच थांबा. सकाळी आठच्या आत जा, वास तेव्हा भरलेला असतो. मृगाची तोड चालू असलेली बाग विचारून घ्या, आणि फळ तिथेच मालकाकडून घ्या. सहाच्या सुमाराला बागेत जाणार असाल तर स्वेटर लागेल.